पिस्ता रंगाची न्हाणी

शरीफाने तिसरा हूक टाइलवर दाबून धरला आणि मासे मोजायला सुरुवात केली. बांगडा, पेडवे, सौंदाळे, लेपा, कर्ली. अर्धं मिनिट दाबून धरा, असं हूकच्या पाकिटावर लिहिलं होतं. एरवी तिने कुराणातली एखादी सुरा म्हटली असती. अंडं उकडायला आणि चहा उकळायला तिचं घड्याळ तेच होतं. पण न्हाणीत अल्लाचं नाव घ्यायचं नसतं. माशांची नावं घेतलेली चालतात.

"बाजार मांडलास काय गो आत?" परसातून हारुनने विचारलं.

"हूक चिकटवतंय."

"मग माशांना कशाला वेठीला धरलंस?"

ती हसली नाही. तांब्यातलं पाणी दगडावर पडल्याचा आवाज तिने ऐकला. तो विहिरीजवळच्या दगडी दोणीवर, लुंगी गुंडाळून, उघड्यावर आंघोळ करत होता. परत आल्यापासून तो रोज तिथेच आंघोळ करायचा.

हारुन बोटीवर ऑइलर होता, इंजिनाचं तेलपाणी बघायचा. पावसाळ्याच्या आधी एका दुपारी फोन आला होता. बोटीला आग लागली, विझली, सगळे सुखरूप आहेत. शरीफाने त्या 'सगळे'मध्ये आपला नवरा धरला आणि मोहल्ल्यात शिरणी वाटली. तो घरी आला तेव्हा तिच्या लक्षात आलं की 'सुखरूप' हा शब्द लोक जरा सैलच वापरतात. तो पडवीत झोपायचा. मधल्या खोलीत यायचा तो दार सताड उघडं ठेवून. परसातल्या संडासाला वर जाळी होती, तिथेही तो दार नुसतं ओढून घ्यायचा, कडी लावायचा नाही. आणि न्हाणीत तर पाऊलच टाकायचा नाही.

"कोंदट हाय गो," एवढंच म्हणाला होता. "काळोख हाय. बाहेर बरं वाटतं."

न्हाणी खरंच तशी होती. जिन्याखालच्या जागेत बसवलेली, खिडकी नसलेली, ओल धरलेली. चौकट बसवताना मिस्त्रीचं लक्ष कुठे होतं कोण जाणे, दार आपोआप लागायचं. काम करताना शरीफा दाराला चिऱ्याचा तुकडा लावून ठेवायची. हारुनचं म्हणणं तिने न्हाणीवर घेतलं. नवरा दुरुस्त करण्यापेक्षा न्हाणी दुरुस्त करणं सोपं होतं.

कॉलेजला जाणारी लेक महरीन फोनवर तिला व्हिडिओ दाखवायची. छोटं बाथरूम, थोडा खर्च, मोठा बदल. त्यातल्या बाईच्या छोट्या बाथरूममध्ये शरीफाचं स्वयंपाकघर मावलं असतं, आणि त्या बाईला खिडकीही होती. तरी शरीफाने घेण्यासारखं होतं ते घेतलं. आंब्याच्या पेटीच्या फळ्या घासून कोपऱ्यात दोन मांडण्या झाल्या. कपाटाच्या मोडक्या दाराचा आरसा वर चढला. कोकम सरबताच्या रिकाम्या बाटल्या धुऊन एकीत शांपू, एकीत कपड्यांचा साबण, एकीत फिनेल भरलं, आणि महरीनने सुंदर अक्षरात चिठ्ठ्या डकवल्या. एका बाटलीत मनीप्लांटची फांदी आली. बादली, मग, घासणी, प्रत्येकाला आपली जागा मिळाली.

आणि न्हाणी सुंदर होत चालली तशी शरीफा घाबरत चालली. अजून न्हाणी कोंदट होती, काळोखी होती, म्हणून तो आत जात नव्हता. ती चांगली झाली आणि तरी तो गेला नाही, तर? मग दोष कुणाला द्यायचा? म्हणून ती रोज एक नवीन काम काढायची. आज हूक, उद्या साबणाची जाळी. काम संपू नये असं तिला वाटायचं, आणि तिचे हात सवयीने ते भराभर संपवत होते.

यमुनाबाई मासळीची पाटी घेऊन आली आणि पायरीवर टेकली. पाटीवरचा ओला फडका बाजूला करता करता तिने डोकावून पाहिलं.

"शरीफाभाबी, न्हाणी हाय की नवरीची खोली?"

"नवरी कुठली आता? मीच ती."

"मग नवरा का दोणीवर?" यमुनाबाईने बांगडे ओंजळीत धरून वर केले. "काल तिन्हीसांजेला पण आंघोळ करीत होता. गार वारा सुटलेला. म्हटलं, भाबीने घराबाहेर काढला की काय हारुनभायला."

"त्याला उघड्यावर बरं वाटतं."

"बोटीवरची माणसं तशीच," यमुनाबाई म्हणाली. मग आवाज उतरवून, "पण हा आधी असा नव्हता गो."

शरीफाने बांगडे निवडले. कल्ले उघडून लाल आहेत का ते नेहमी बघायची, ते आज विसरली. यमुनाबाईने स्वतःच दोन शिळे काढून घेतले आणि ताजे घातले.  त्यानेच शरीफा जास्त घाबरली.

शेवटचं काम रंगाचं राहिलं होतं. हारुन एके सकाळी जयगडला दोस्ताची होडी बघायला गेला. शरीफाने माळ्यावरून डबा उतरवला. चार वर्षांपूर्वी हारुननेच बोटीवरून आणलेला, अर्धा उरलेला. त्यात नवल काही नव्हतं. खलाशांच्या मोहल्ल्यात रंग विकत कोण आणतो? खिडक्यांचे गज, होड्यांच्या कडा, फाटकं, पाळणे, सगळं कुठल्या ना कुठल्या बोटीच्या रंगाचं होतं. झाकण उलथन्याने उघडलं. वरची साय काढली तर खाली फिकट हिरवा, ताजा.

"अम्मी, पिस्ता!" महरीन म्हणाली. "हाच ट्रेंडमध्ये आहे सध्या."

टाइलच्या वरच्या भिंती आणि छत, दोघींनी दुपारपर्यंत रंगवलं. पिवळा बल्ब काढून पांढरा लावला. काळोखी न्हाणी आतून उजळली. महरीनने फोटो काढले. शरीफा दारात उभी राहिली आणि तिला कळलं, आता करण्यासारखं काही उरलेलं नाही. तिने उगाचच साबण उचलून परत ठेवला.

हारुन संध्याकाळच्या आधी आला. महरीनने त्याच्या हाताला धरून ओढलं.

"बाबा, डोळे मिटा. या. आता उघडा."

त्याने डोळे उघडले. शरीफा न्हाणीकडे बघत नव्हती, त्याच्याकडे बघत होती. त्याचा हात चौकटीवर गेला. बोटांची नखं पांढरी होईपर्यंत त्याने चौकट दाबून धरली. ताज्या रंगाचा वास दाराशी दाटला होता.

"रंग कुठला?"

"तुम्हीच आणलेला. माळ्यावरचा."

"हं." त्याने मान हलवली. "छान झालंय."

मग तो वळला आणि परसात गेला. शरीफा मागून गेली. तो दोणीशी वाकून हात धूत होता. हात स्वच्छ होते. तो धूतच होता.

"काय चुकलं?" तिने विचारलं.

तो पाण्याकडे बघत बोलला.

"बोटीवरचं बाथरूम ह्याच रंगाचं होतं. मी आत होतो. लाइट गेली, धूर भरला." त्याने हात झटकले. "जमिनीला नाक लावून पडलो. खाली हवा असते. चार पावलांची खोली गो, पण दार मिळेना. भिंतच हाताला लागायची. पुन्हा भिंत."

"मग?"

"मग कोणीतरी बाहेरून फोडलं."

दोणीतल्या पाण्यावर एक पिवळं पान होतं. ते त्याने बोटाने काठाला लावलं आणि घरात गेला. शरीफा तिथेच उभी राहिली. नवऱ्याला जिथून बाहेर काढलं होतं तेच तिने घरात बांधून, वर आरसा आणि मनीप्लांट लावून त्याला दाखवलं होतं.

रात्री तिने म्हटलं, खरवडून काढू. तो म्हणाला, राहू दे. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा म्हटलं. तो म्हणाला, राहू दे म्हटलं ना. त्याच्या आवाजात राग असता तर तिला बरं वाटलं असतं. नंतरचे काही दिवस तो घरात चालताना न्हाणीच्या दाराजवळ थांबायचा. आत जायचा नाही, नुसता थांबायचा. ती भाकरी थापताना तव्याकडे बघायची सोडून त्याच्या पावलांकडे कान लावायची आणि भाकरी करपायची.

शेवटी तिने न विचारताच ठरवलं. रत्नागिरीत जाऊन पांढरा रंग आणायचा. महरीन सोबत होती. परतताना तिला स्टँडवर मैत्रीण भेटली, तेव्हा शरीफा एकटीच एसटीने आली. पिशवीतला डबा जड होता. दुपार टळत होती. आठवड्याचा लाइट जायचा दिवस होता आणि मोहल्ला कसा गप्प होता, पंखा नाही, टीव्ही नाही.

पडवीत हारुनच्या चपला होत्या. हारुन नव्हता.

"अहो?"

 मधल्या खोलीचं दार उघडं, खाट रिकामी. स्वयंपाकघरात कोणी नाही. आणि सकाळी ती चिरा लावून उघडं ठेवून गेली होती ते न्हाणीचं दार लागलेलं.

तिने डबा खाली ठेवला. तो ठेवल्याचा आवाज तिलाच मोठा वाटला.   ती दाराशी गेली आणि बोटाच्या पेराने ठोठावलं.

"आत आहात काय?"

 तिने कान लावला. कुठेतरी पाणी ठिबकत होतं. तिच्या डोळ्यांसमोर ती पांढरी पडलेली नखं आली. तिने दार ढकललं. आतून कडी लावलेली नव्हती.

आत मिट्ट काळोख होता. तो जमिनीवर पडलेला असेल म्हणून ती वाकून दोन पावलं आत गेली, हाताने फरशी चाचपत. फरशी ओली होती. बादली होती. माणूस नव्हता. आणि तेवढ्यात पाठीमागे वाकड्या चौकटीतलं दार आपल्या सवयीने लागलं.

शरीफा वळली. हात पुढे केला, भिंत लागली. बाजूला सरकली, मांडणी लागली, बाटल्या एकमेकींवर खणखणल्या. पुन्हा वळली. भिंत. बारा वर्षं ती ह्या न्हाणीत आंघोळ करत होती आणि तिला दार कुठे आहे ते कळेना. ओठांवर कलमा आला. तिने तो गिळला. बांगडा, ती मोठ्याने म्हणाली. पेडवे. सौंदाळे. आवाज तिचा नव्हता. पुढचा मासा आठवेना. ती भिंतीला धरून खाली बसली.

तेव्हा तिच्या हाताला दोरी लागली.

गुडघ्याच्या उंचीवर, भिंतीच्या कडेने, ताणून बांधलेली. सकाळी नव्हती ती. जाळ्याची असते तशी, खरखरीत, पक्की. मध्ये खिळा, पुन्हा दोरी. इतकी खाली कोण दोरी बांधतो, असं तिच्या मनात आलं, आणि मग तिने फरशीला टेकलेल्या आपल्या दुसऱ्या हाताकडे, काळोखातच, पाहिलं.

दोरीला गाठी होत्या. एक गाठ, मग वीतभर काही नाही, मग एक गाठ. ती रांगत गेली. एका बाजूला गाठी लांब लांब झाल्या आणि कोपरा आला. ती उलटी फिरली. आता गाठी जवळ येऊ लागल्या. वीतभर. चार बोटं. दोन बोटं. मग एकाला एक लागून. आणि तिथे तिच्या कपाळाला दार लागलं.

तिने लगेच उघडलं नाही. हात वर नेला. कडीलाही सुतळी गुंडाळलेली होती, काळोखात हात घसरू नये अशी. ती सुतळी ओली होती.

परसात ऊन उतरलं होतं. केळीच्या पलीकडे, पार कुंपणाजवळच्या तारेवर हारुन लुंगी वाळत घालत होता. चिमटे लावून तो अनवाणी परत आला. दोणीत पाणी नव्हतं. तळाशी पानं वाळून चिकटली होती आणि भोवतीचा दगड कोरडा ठाक होता. हारुनच्या दाढीतून पाणी गळत होतं.

"आलीस? महरीन कुठाय?"

"मैत्रीण भेटली. येईल."

त्याने तिच्याकडे पाहिलं. नजर खाली, तिच्या सलवारच्या गुडघ्यांवर गेली. दोन्ही गुडघे भिजले होते. तो तिथे जरा थांबला आणि मग केळीकडे बघू लागला.

"रंग आणायला गेलेलीस म्हणे. यमुनाबाई सांगत होती."

"दुकानात पांढरा संपला होता," शरीफा म्हणाली.

"बरं झालं."

तो पायरीवर बसला. ती एक पायरी वर बसली. ओढणीचं टोक तिने त्याच्या पुढे धरलं, त्याने त्याला तोंड पुसलं.  

"तो तुझा तिसरा हूक," हारुन म्हणाला, "हातात आला. टॉवेल भिजला सगळा."

"असा कसा येईल? पुरता धरला होता मी."

"कुठपर्यंत?"

"कर्लीपर्यंत."

त्याने मान हलवली, मिस्त्रीचं काम बघताना हलवायचा तशी.

"कमी पडलं," तो म्हणाला. "सुरमईपर्यंत तरी धरायचा."