पोथनच्या वाटणीची भाकरी

माझा भाऊ पोथन याने आलप्पुळ्याला फिलोमिनाशी लग्न केलं, तेव्हा अप्पच्चन, म्हणजे आमचे वडील, ओसरीच्या पायरीवर उभे राहिले आणि कालव्यातल्या होड्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माझा मुलगा मेला!"

फिलोमिना ख्रिस्तीच होती. नर्स होती, बोलायला गोड होती. पण ती समुद्राकाठच्या कोळ्यांची, लॅटिन चर्चची. आम्ही जुने सुरियानी ख्रिस्ती, भातशेतीवाले. बस, एवढंच. आज माझ्या नातवंडांना हे सांगितलं तर ती हसतात.

अम्मच्ची, म्हणजे माझी आई, भांडायची नाही, थांबायची. ओनम झाला, नाताळ झाला, पन्नास दिवसांचा उपास लागला. मासळी बंद, मटण बंद, अंडं बंद. अंगणातली बदकं माजत चालली आणि आम्ही वाळत चाललो. मग पेसहाचा, म्हणजे ईस्टरच्या आधीचा, गुरुवार आला. त्या संध्याकाळी आमच्यात घरोघरी तांदूळ-उडदाची बिनखमिराची भाकरी वाफवतात, मधोमध चर्चमधून आणलेल्या कोवळ्या झावळीचा क्रूस ठेवून. घरचा कर्ता ती मोडतो आणि थोरल्यापासून धाकट्यापर्यंत एकेकाच्या हातात देतो. लहानपणी मी एक हात पुढे केला की अप्पच्चन दटावायचे, "दोन्ही हातांनी, मोळे!" मोळे म्हणजे लेकी.

त्या गुरुवारी दुपारी अप्पच्चन स्वयंपाकघरात डोकावले.

"उडीद वाटले का गं?"

"नाही," अम्मच्ची केळी सोलत म्हणाली. "यंदा आपल्याकडे भाकरी नाही."

"का?"

"घरात मयत झालंय ना. मयताच्या घरी वर्षभर करत नाहीत. शेजारी आणून देतात. तुम्हाला माहीत नाही होय?"

"कोण मेलं?"

"अहो, असं काय करता? तुम्हीच सांगितलंत की सगळ्या गावाला. माझा पोथन."

मी नारळ खवत होते. खवणीचा आवाजसुद्धा थांबवला.

"ते… रागात बोललो मी."

"रागात का होईना, मेलाच ना तो? सात महिने या उंबऱ्यात पाय नाही त्याचा. मी शेजारच्या थ्रेसा चेडत्तीला सांगून आलेय. तिन्हीसांजेला आणून देईल बिचारी."

"तिला सांगितलंस?"

"तिला सांगितलं म्हणजे एव्हाना चर्चच्या घंटेलाही कळलं असेल."

अप्पच्चन पाय आपटत बांधावर निघून गेले. तिथे उभे राहून ते उगाचच बदकांवर ओरडत होते. मला मात्र रडू येत होतं. पोथन माझा एकच भाऊ. शेजारणीची भाकरी एकदा हातात घेतली की तो कायमचाच मेला, असं मला वाटत होतं.

"अम्मच्ची, अप्पच्चनांनी घेतली तर गं?"

तिचा हात केळ्यावर थांबला, आणि तेव्हा मला कळलं की तिलाही तेच भय आहे.

दिवे लागले. आम्ही प्रार्थनेला बसणार, इतक्यात थ्रेसा चेडत्ती आली. शेजारच्या घरातली वयस्क बाई; तोंडाने सैल, मनाने साफ. डोळ्यांना पदर, हातात केळीच्या पानात बांधलेली ऊन ऊन भाकरी.

"घ्या, इट्टूपचेट्टा," ती अप्पच्चनांना म्हणाली. "देवाची इच्छा. पण नाव तरी सांगा, कुणासाठी प्रार्थना म्हणायची? ही बाई म्हणते, यांना विचार."

अप्पच्चनांनी हात पुढे केले. पान त्यांच्या बोटांना लागलं. त्यांचे ओठ हलले, "पो" इतकंच आलं, आणि पुढे शब्द निघेना. मग त्यांनी हात मागे घेतले.

"घेऊन जा, चेडत्ती. आमच्या घरात सगळे जिवंत आहेत."

"अगं बाई! मग ही काय थट्टा लावलीये?"

"माझी चूक झाली. जा आता, तुमची पोरं खोळंबली असतील."

ती पुटपुटत गेली. अम्मच्ची उठली, चुलीमागच्या टोपल्याखालून एक पातेलं काढलं आणि त्यावरचं फडकं बाजूला केलं. लसूण आणि जिऱ्याचा वास सुटला. पीठ तयार होतं. झावळीचा क्रूसही वर ठेवलेला होता.

"नाही वाटले म्हणालीस!" अप्पच्चन म्हणाले.

"तुम्हीही पुष्कळ काय काय म्हणता."

भाकरी उशिरा झाली. अप्पच्चनांनी ती मोडली, अम्मच्चीला दिली, मला दिली. मग एक तुकडा बाजूला पानावर ठेवला. जरा थांबून आणखी एक ठेवला.

"हा दुसरा कुणाचा?" मी विचारलं.

"गप्प खा."

शनिवारी ते होडी काढून आलप्पुळ्याला गेले, बदकांसाठी कोंडा आणायला म्हणून. परत आले ते रिकामेच.

"मिळाला का कोंडा?" अम्मच्चीने विचारलं.

"उद्या सकाळी येईल."

"किती पोती?"

"दोन."

"बरं झालं," असं म्हणून ती पटकन आत गेली. त्या दिवशी तिने बदकाच्या मसाल्यात मीठ दोनदा घातलं.

रविवारी पहाटेची पुनरुत्थानाची प्रार्थना आटोपून आम्ही परतलो, तो घाटावर होडी. पोथन उतरला. त्याच्यामागे निळी साडी नेसलेली फिलोमिना.

"आली बघा पोती," अम्मच्ची म्हणाली आणि पोथनला धरून रडायला लागली.

टेबलावर अप्पम होते, बदकाचं कालवण होतं, उपास सोडायला सगळ्यांचे हात शिवशिवत होते. पण अप्पच्चनांनी आधी गुरुवारी बाजूला ठेवलेलं ते पान उघडलं. थोरला तुकडा पोथनला दिला. त्याने चावून बघितला.

"दगड झालाय, अप्पच्चा."

"मेलेल्या माणसाने तक्रार करू नये," अम्मच्ची म्हणाली. अप्पच्चन हसले. किती महिन्यांनी हसले!

मग ते फिलोमिनाकडे वळले. तिच्या माहेरी ही रीत नव्हती. डाव्या हाताने पदर सावरत तिने उजवा पुढे केला. अप्पच्चनांनी तुकडा तसाच धरून ठेवला. ती घाबरून पोथनकडे बघू लागली.

"दोन्ही हातांनी, मोळे," अप्पच्चन म्हणाले.