पाचवी पायरी

कावेरी अडीच वर्षांची झाली होती आणि पाण्याला अजिबात भीत नव्हती, म्हणून तिची आई नीरजा तिच्या वाटचंही भीत असे. त्यांचा मुक्काम होता त्या महादू होडीवाल्याच्या घरामागे समुद्रात उतरणाऱ्या सात पायऱ्या होत्या. भरतीचं पाणी पाचव्या पायरीपर्यंत चढे, जरा थांबे आणि उतरू लागे. पाणी उतरायला लागलं की मगच नीरजा पोरीला वाळूत सोडी आणि ती वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहून ठेवी. सांगलीहून आलेली, गणितात बी.एस्सी. झालेली बाई करणार तरी काय?

तिचा नवरा जयराम महिनाभर पाठीला हवेची नळकांडी बांधून समुद्राच्या तळाचं सर्वेक्षण करत होता. आतापर्यंतच्या बुड्या किनाऱ्यासमोरच्या किल्ल्याच्या आडोशाला, निवांत पाण्यात झाल्या. आज पहिल्यांदाच तो बाहेरच्या प्रवाळ खडकावर निघाला होता. तिथे ओहोटीची ओढ थेट उघड्या समुद्राकडे नेते, त्यामुळे भरती संपून पाणी स्थिर असतं तेवढ्याच अर्ध्या तासात उतरून वर यायचं होतं. गोव्याहून भरून आणलेल्या हवेपैकी एकाच बुडीपुरती शिल्लक होती. त्याचा जोडीदार शंकर होडीत बसलाही होता.

नऊला पाच मिनिटं असताना जयराम आणि महादू अंगणातून निघाले.

"किती वाजता परत याल?" नीरजाने विचारलं.

महादूने खांद्यावरची दोरी खाली ठेवली आणि ओट्यावर बसला. त्याची बायको यशोदा आतून पाण्याचे दोन पेले घेऊन आली.

"गो बाय, दर्यात जातल्याक असां कोण इचारता? अपशकून जाता." ती म्हणाली. "आता बसा दोघय. पाणी पिया, मगे जावा."

"काकी, वेळ नाही," जयराम म्हणाला.

"पाच मिनटांत तुमचो खडक खंय पळान जाणा नाय."

जयराम बसला. पाणी प्यायला. नीरजाकडे मात्र त्याने पाहिलं नाही.

"दहाला दहा कमी असताना भरती पूर्ण होते," तो भिंतीला सांगावं तसं म्हणाला. "अजून जवळपास तास आहे. उगाच काळजी."

"पण पाणी उतरायला लागलंय," नीरजा म्हणाली.

"कुठलं?"

"पायरीवरचं. परवा सव्वासातला लागलं, काल आठला, आज पावणेनऊला. मी लिहिलंय."

जयरामने पिशवीतून कागद काढला. भरती-ओहोटीच्या पुस्तकातल्या एका पानाची ती प्रत होती. तारीख बरोबर होती. वर बंदराचं नाव होतं मुंबई. इतर बंदरांच्या वेळा किती पुढेमागे धरायच्या ते पान पुस्तकात होतं आणि पुस्तक कचेरीत. किल्ल्याजवळ एका तासाच्या फरकाने काही बिघडत नव्हतं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"महादू, पाणी फिरलंय?"

"फिरलां मा. आता भायर ओढ लागतली."

"मग बोलला का नाहीत?"

"दर्यात जाताना आमी वायट काय बोलनव नाय, साहेबांनू. आणि तुमच्याकडे पुस्तक आसा. माका वाटलां, तुमका ओढीतच काय्येक बघूचा असतला."

यशोदा पदर तोंडाशी धरून हसू दाबत आत गेली. जयरामने कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग शंकरला हाक मारून सांगितलं, आज नाही.

दुपारी त्याने नीरजाकडून कॅलेंडर मागून घेतलं आणि उद्याची आखणी त्याच्या मागे केली. नऊला खाली, नऊ पंचवीसला वर, महादूने होडी खडकाच्या आतल्या अंगाला धरायची.

दुसऱ्या दिवशी ते दोघे अंगणातून गेले तेव्हा नीरजाने काही विचारलं नाही. कावेरीच्या फ्रॉकचा कमरपट्टा मुठीत धरून ती वरच्या पायरीवर बसली. दूर खडकाजवळ होडी ठिपक्याएवढी दिसत होती. पाणी पाचव्या पायरीशी उभं होतं. नऊ वीस. नऊ पंचवीस. साडेनऊ. पायरीच्या कडेला बोटभर ओली पट्टी दिसू लागली. पोरगी वाळूकडे ओढ घेत होती. नीरजाने तिला सोडलं नाही.

पट्टी दोन बोटं झाली तेव्हा होडीचं तोंड किनाऱ्याकडे वळलं. तिने डोकी मोजली. तीन.

"बाबा खंय गेललो?" होडी लागल्यावर कावेरीने विचारलं. परत आलेल्याला विचारायला हरकत नव्हती.

नीरजाने मूठ सोडली.