रस्त्यातला निळा ड्रम

टेम्पोवाला धावत दुकानात शिरला आणि इस्त्रीच्या टेबलाखाली घुसला. मागून आलेल्या एका हाताने त्याचे केस धरले, दुसऱ्याने पाय. टेबल हललं, घड्या घातलेले शर्ट खाली आले आणि त्यांच्यावर कुणाच्या तरी बुटाचे ठसे उठले.

"ओढा बाहेर! रस्त्यावरच संपवू साल्याला!"

इस्त्रीवाल्या मावशी भिंतीला टेकून उभ्या होत्या. गरम इस्त्री अजून त्यांच्या हातातच होती. टेम्पोवाला बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा होता. ओठ फाटला होता, आणि पुढचे दोन दात जिथे असायला हवे होते तिथून रक्त येत होतं.

दारातून रस्ता दिसत होता. टेम्पो विजेच्या खांबाला धडकून तिरका उभा होता. अलीकडे समोरच्या सोसायटीतल्या आत्या पडल्या होत्या. एका पायात चप्पल होती, दुसरा पाय उलट्या दिशेला वळला होता. तोंडावर कुणीतरी टॉवेल टाकला होता. तो मावशींच्याच दुकानातला होता, सकाळी इस्त्री केलेला.

सकाळीच आत्या दोन चादरी देऊन गेल्या होत्या. "उद्या लेक येतेय माझी. अशी कडक इस्त्री कर, की तिला हॉटेलात आल्यासारखं वाटलं पाहिजे."

"मग चहासुद्धा खोलीवर मागेल ती."

"मागू दे की. पोचवायला तुलाच पाठवीन."

त्याच चादरी न्यायला आत्या रस्ता ओलांडत होत्या.

मोठ्या चौकातला सिग्नल चुकवायला गाड्या या गल्लीत शिरायच्या आणि वळणावरही वेग कमी करायच्या नाहीत. सोसायटीचे सेक्रेटरी गतिरोधकासाठी अर्ज करून थकले होते. रस्ते खात्याचा माणूस एकदा येऊन, बघून, मान हलवून गेला होता. या रस्त्याने बस जाते म्हणे, इथे गतिरोधक नियमात बसत नाही. तेव्हा मावशीच म्हणाल्या होत्या, "सेक्रेटरी, तुमच्या अर्जांचा गठ्ठाच टाका रस्त्यात. गाड्या झक मारत हळू होतील." सगळे हसले होते. हसता हसता कुणीतरी म्हणालं, गठ्ठा नको, ड्रम ठेवू. मावशींचा कपडे भिजवायचा निळा ड्रम वळणाच्या पुढे रस्त्याच्या मध्यावर गेला. तो नेला आत्यांच्या मुलाने. सुतारकाम करणारा, दंडात ताकद असलेला. पाणी भरलेला ड्रम त्याने एकट्याने तिरका करून, तळाच्या कडेवर फिरवत नेला होता. गाड्या खरंच हळू झाल्या. आठवडाभर गल्ली खूश होती.

"ड्रम..." टेबलाखालून टेम्पोवाला म्हणाला. तोंडातल्या रक्तामुळे शब्द नीट फुटत नव्हता. "मधे ड्रम होता... एकदम समोर आला... मी वळवली..."

"खोटं बोलतो!" कुणीतरी त्याच्या तोंडावर लाथ घातली.

मावशींनी पुन्हा रस्त्याकडे पाहिलं. ड्रम नव्हता. रस्त्याच्या मधोमध पाण्याचं थारोळं होतं आणि तिथून एक ओला पट्टा दुकानाच्या मागच्या बोळापर्यंत आला होता. सेक्रेटरी दाराशी उभे होते. त्यांची पँट गुडघ्यापर्यंत भिजली होती. म्हणजे आत्या रस्त्यावर पडलेल्या असताना माणसांनी आधी ड्रम हलवला होता.

गर्दी बाजूला झाली आणि सुतार आत आला. हातात लाकडाची जाड रीप होती, तिच्या टोकाला खिळा तसाच होता. त्याने रीप डोक्यावर उचलली. मावशी टेबलासमोर आल्या.

"सरका, मावशी."

"नाही सरकणार."

"आई आहे माझी ती! बाहेर पडलीय माझी आई!"

"माहितीये मला. याला मारून उठणार आहे का ती?"

त्याने डाव्या हाताने त्यांना ढकललं. त्या टेबलावर आदळल्या, पण पडल्या नाहीत. रीप पुन्हा वर गेली. मावशींनी इस्त्री त्याच्या हातावर ठेवली, आणि लगेच उचलली नाही.

मांस जळल्याचा वास दुकानभर पसरला. सुतार गुरासारखा ओरडला, रीप खाली पडली. मनगटाच्या वर इस्त्रीच्या टोकाचा आकार जसाच्या तसा उमटला होता.

"आणखी कोण येतंय?" मावशींनी विचारलं. इस्त्री त्यांनी पुढेच धरली होती. कुणी पुढे आलं नाही.

पोलीस आले. टेम्पोवाल्याला ओढून बाहेर काढलं तेव्हा त्याचा एक डोळा पूर्ण मिटला होता. फौजदाराने दारातच विचारलं, "रस्त्यात काही आडवं होतं का?"

"काही नव्हतं, साहेब," सेक्रेटरी म्हणाले. "मोकळा रस्ता. यांना वेगाची मस्ती. आम्ही गतिरोधक मागून मागून थकलो."

आजूबाजूच्या माना हलल्या. टेम्पोवाल्याने बोलायचा प्रयत्न केला. तोंडातून नुसता फेस आला.

"ड्रम होता," मावशी म्हणाल्या. "माझा."

"मावशी," सुतार हळूच म्हणाला. जळलेला हात त्याने पोटाशी धरला होता. "गप्प बसा ना."

"कुणी ठेवला?" फौजदाराने विचारलं.

मावशींनी सुताराकडे पाहिलं नाही. "मीच."

"पाण्याने भरलेला? एकटीने?"

"रिकामा नेला. मग बादलीने भरला."

फौजदाराने त्यांच्या बारीक मनगटांकडे पाहिलं, मग रस्त्यावरच्या ओल्या पट्ट्याकडे. "चला गाडीत," एवढंच म्हणाला.

मावशी जामिनावर सुटून आल्या तेव्हा दुकानाच्या काचा फुटलेल्या होत्या आणि दारावर शेण फासलेलं होतं. त्यांनी दार धुतलं, काचांच्या जागी पुठ्ठे लावले. कपडे घेऊन कुणी आलं नाही. सेक्रेटरींचे शर्ट आता लांबच्या लॉन्ड्रीत जात. टेम्पोवाल्याचा डोळा गेल्याचं मावशींना कोर्टात कळलं.

आत्यांची लेक आली, राहिली, निघून गेली. चादरी न्यायला कुणी आलं नाही.

माणूस गेल्यावर गतिरोधक मात्र पटकन झाला. बस जात असूनही. बरोबर मावशींच्या दुकानासमोर, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा. आता प्रत्येक गाडीला त्यांच्या दारात वेग कमी करावा लागतो.

सुतारालाही. रोज कामावर जाताना त्याची स्कूटर तिथे मंदावते, पुढचं चाक चढतं, मागचं उतरतं. तो सरळ पुढे बघतो. भर उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो. बाह्या चुरगळलेल्या असतात, कॉलर मुडपलेली. घरी आता ते बघणारं कुणी नाही.

स्कूटर वळणाआड गेली की मावशी फळीवरून आत्यांच्या चादरी काढतात. उलगडतात, पाणी शिंपडतात, इस्त्री फिरवतात. मग जुनी घडी सोडून जरा बाजूला नवी घालतात. एकाच घडीवर फार दिवस ठेवलं तर कापड तिथेच विरतं.