कप्तान भालेरावांचं श्राद्ध

मंगळावर मेलेल्या माणसाचं श्राद्ध मी बंगळुरात, चामराजपेटेत, पाटावर बसून जेवलोय. कोणी विश्वास ठेवत नाही. तुम्हीही ठेवू नका, माझं काही अडत नाही. वडे मी खाल्लेत, तुम्ही नाही.

अंबुबाई, त्या रेडिओचा कान स्वल्प पिळा बघू. माणूस चंद्रावर उतरला म्हणून सगळी गल्ली परवापासून वेडी झालीय. आम्ही मंगळावर उतरून, तिथे भांडून, कंटाळून परत आलो त्याला आता वर्षं झाली.

"सुरू झालं श्रीधरअण्णांचं," दोन वर्षांमागे शेजारी राहायला आलेल्या अंबुबाई म्हणाल्या आणि रेडिओ बारीक केला. अहल्या कॉफीचे पेले घेऊन आली आणि उंबऱ्यावर बसली. हा कट्टा तिच्या वडिलांचा, बिंदुमाधवाचा. गेल्या वर्षी तो गेला, म्हणून मी इथे बसून हे सांगू शकतो. तो असता तर वाक्यावाक्याला पुरावा मागितला असता.

तर ऐका. 'लाल वाळूचे राज्य' नावाची गोष्ट एका मासिकात क्रमशः यायची. मासिक तिकडे महाराष्ट्रात निघायचं, आमच्याकडे टपालाने यायचं. पंचावन्न साली सुरू झाली आणि संपायचं नावच घेईना. तिचा नायक कप्तान भालेराव. मंगळावर वसाहत काढलेला, संतापी, एकहाती. डावा हात त्याने वादळात गमावला होता. आम्ही पिढ्यान्पिढ्या इथले, घरात मराठी आणि दारात कन्नड. छापलेली मराठी महिन्यातून एकदा हातात पडायची. मग तो एक अंक चार शनिवार पुरवून वाचायचा, असा आमचा शिरस्ता.

वाचायचा बिंदुमाधव. काय वाचायचा! भालेराव रागावला की पलीकडचा हळदी-कुंकवाचा दुकानदार दचकायचा, आणि त्याला मराठी येत नव्हतं.

आणि ऐकायचा नरसिंहराव. म्हणजे ऐकायचो सगळेच, पण आम्ही करमणूक म्हणून. नरसिंहराव सरकारी कचेरीत नकाशे काढायचा. काचबिंदूने आधी एक डोळा नेला, मग दुसरा मंदावत गेला. कचेरी सुटली, पेन्सिल सुटली, मुलीचं तोंड दिसेनासं झालं. उरला शनिवार. दुपारपासून धुतलेला सदरा घालून कट्ट्यावर येऊन बसायचा आणि बिंदुमाधवाच्या चपलांचा आवाज आला की म्हणायचा, "आला बघ माझा डोळा."

मग साठ साली मूळ लेखक वारला. शेवटच्या भागात त्याने भालेरावला वाळूच्या दरीत पाडलं होतं. आम्ही दोघांचंही सुतक धरायच्या बेतात होतो, तर पुढच्या महिन्यात मासिकाने नवा लेखक बसवला आणि भालेराव दरीतून वर आला. दोन्ही हातांनी दोर धरून!

"दोन्ही?" अंबुबाई म्हणाल्या.

"दोन्ही. बिंदुमाधव तिथेच थांबला. अंक मिटला. म्हणाला, 'हे प्रक्षिप्त आहे.'"

आमच्या या घरांमध्ये हा शब्द फार जड. एकादशी आज की उद्या यावरून इथे सख्खे भाऊ वेगळ्या दिवशी उपाशी राहतात. कुठला श्लोक मूळचा आणि कुठला मागाहून घुसडलेला, यावर आमचे आजोबा जेवण थंड करायचे. बिंदुमाधवाने तोच तराजू मंगळावर नेला. मूळ लेखकाने लिहिलं ते प्रमाण. भालेराव दरीत पडला, मेला, ग्रंथ समाप्त.

नरसिंहराव म्हणाला, "अरे बिंद्या, मंगळावर हात उगवत असेल."

"आधीच्या भागांत कुठे म्हटलंय तसं?"

"नाही कुठे म्हटलंय?"

"नरसू, तुला नीट शास्त्रार्थ करायचाय की नुसती मस्करी?"

"मला पुढचं ऐकायचंय," नरसिंहराव म्हणाला. "कुणी का लिहिलेलं असेना."

खरं भांडण एवढंच होतं. पण आम्ही बाकीचे कशाला सोडतो? गांधी बझारात दोन तट पडले. हातवाले आणि बिनहातवाले. एकमेकांच्या टेबलावर कॉफी पिईनात. आमच्यातल्या विश्वासरावाने तर मेव्हण्याच्या मुलाच्या मुंजीला जाणं टाळलं, मेव्हणा हातवाला म्हणून.

शेवटी बिंदुमाधवाने वाद कायमचा मिटवायचं ठरवलं. श्राद्ध करायचं. एकदा पिंड दिला की माणूस मेला, मग कोण लेखक त्याला उठवतो बघू! पण तिथी कुठली? मंगळाला चंद्र दोन. त्यातला एक दिवसातून तीनदा फेरी मारतो. त्याच्या हिशेबाने मासिक श्राद्ध करायचं तर सकाळ-दुपार-संध्याकाळ वडे. माणूस मरायचा.

"काहीतरीच!" अंबुबाई हसायला लागल्या. "गोष्टीतल्या माणसाचं कोणी श्राद्ध घालतं का?"

"खरं आहे ते," अहल्या म्हणाली. "वडे मीच तळले होते."

अंबुबाईंचं हसू थांबलं.

"तिथी माहीत नाही म्हणून सर्वपित्री अमावास्या धरली," मी म्हणालो. "गोत्र माहीत नाही म्हणून काश्यप. सगळं शास्त्राप्रमाणे. काय अहल्ये?"

"हो. आई रागाने माहेरी गेली होती त्या दिवशी."

पानं मांडली आणि भिंत चाचपत नरसिंहराव दारात आला. त्याला बोलावणं होतं, पण येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. काखेत नव्या अंकाचं पाकीट.

"बिंद्या," तो म्हणाला, "जिवंत माणसाला पिंड देतोस?"

"मेलेल्याला तू जिवंत धरून बसलायस."

"सरी, ठीक. मेला तर मेला. मी मान्य करतो. सगळ्यांसमोर करतो." त्याने पाकीट पुढे केलं. बिंदुमाधव उभा होता त्याच्या स्वल्प डावीकडे. "पण हे वाच. खोटं म्हणून वाच. चुका काढत वाच. मला चालेल."

आम्ही सगळे पानांकडे बघत बसलो. बिंदुमाधव सोवळ्यात होता, पाकिटाला हात लावू शकत नव्हता. तेवढं म्हणाला असता, 'नंतर वाचतो', तरी झालं असतं. तो म्हणाला, "प्रक्षिप्त मी तोंडाने उच्चारणार नाही. आज नाही आणि पुढेही नाही."

नरसिंहरावाने पाकीट पुन्हा काखेत घातलं. मग म्हणाला, "मग आजपासून तू बोलावल्याशिवाय मी येणार नाही, आणि मी बोलावल्याशिवाय तू येऊ नकोस." आणि भिंत चाचपत गेला. वडे चांगले झाले होते. मी चार खाल्ले.

पुढे त्याच्या मुलीने, विमलाने, वाचून पाहिलं. पोरगी कन्नड शाळेतली. जोडाक्षर आलं की अडायची आणि भालेराव दरीच्या काठावर लोंबकळत राहायचा. मी वाचून पाहिलं. नरसिंहराव म्हणाला, "श्रीधर, तुझ्या तोंडी कप्तान रजेचा अर्ज केल्यासारखा बोलतो." मग त्याने कुणाला अंक फोडू दिला नाही. पाकिटं येत राहिली, उशाशी साठत राहिली. दर शनिवारी सदरा मात्र धुतलेला. रस्त्यावर चपला वाजल्या की मान वळायची, आणि चपला पुढे निघून जायच्या.

तट केव्हाच विरले. लोकांच्या बदल्या झाल्या, लग्नं झाली. गोष्ट कोणाला आठवेना. चौसष्टात मासिकही बंद पडलं. शेवटचा अंक आला तेव्हा नरसिंहराव अंथरुणाला खिळला होता, दोन्ही डोळे गेलेले. मी भेटायला गेलो. पुटपुटत होता, "बिंद्याला बोलाव. मी बोलावतोय म्हणून सांग."

"मग?" अंबुबाई पुढे सरकल्या.

मग काय, मी उठलो तो तडक इथे आलो. याच कट्ट्यावर बिंदुमाधव बसला होता. म्हणालो, नरसूने बोलावलंय. त्याने एक शब्द विचारला नाही. माझ्या आधी रस्त्याला लागला. खोलीत शिरला आणि नरसिंहरावाने चपलांवरून ओळखलं, म्हणाला, "आला बघ." बिंदुमाधवाने शेवटचं पाकीट फोडलं आणि वाचायला लागला. तोच आवाज. भालेराव पृथ्वीवर परतला, दोन्ही हातांनी त्याने घराची कडी काढली, आणि बिंदुमाधव एका शब्दाला अडला नाही. शेवटचं वाक्य संपलं तेव्हा नरसिंहराव हसत...

"नाही," अहल्या म्हणाली.

मी पेला खाली ठेवला.

"नरसिंहकाका चालले, हे दूधवालीने सकाळीच सांगितलं होतं. अप्पा धोतर बदलून याच कट्ट्यावर बसले होते, कोणी बोलवायला येईल म्हणून. तिन्हीसांजेला काका गेले, विमला रस्त्यावरून रडत गेलेली ऐकू आली, तेव्हा उठून आत आले. दिवसभर मी त्यांच्याजवळ होते, श्रीधरअण्णा. तुम्ही आलाच नव्हता."