काजलची पाच निरीक्षणं

बालवाडीताईंच्या ऑनलाइन प्रशिक्षणवर्गाचा एक नियम होता. दर आठवड्याला घरातल्या लेकराचं एक निरीक्षण लिहायचं आणि दुसऱ्या दोघींच्या निरीक्षणाखाली उत्तर द्यायचं. "तोंडं दिसत नाहीत, निदान ओळख तरी होऊ द्या," असं वर्ग घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या होत्या. उत्तरांना दोन गुण होते.

धानोऱ्याच्या चेतनाला या नियमातून धडगावकडची रविना मिळाली. हिचा भूपेश, तिची काजल, दोघंही नऊ महिन्यांची. रविनाला रेंज यायची ती टेकडीवर चढल्यावरच. पहिल्या आठवड्यात तिनं लिहिलं, 'काजल कोंबडीला भाकर देते आणि मग तीच परत मागते.' वाचून चेतना चुलीपुढेच हसत सुटली.

"काय व, मोबाईलमा काय दखीसन हासी ऱ्हायनी?" सासू भिकुबाईंनी विचारलं.

"मन्ही मैत्रीण शे, आई."

"कधी दखी का तिले?"

"नही."

"मंग कसानी मैत्रीण व! तवा दख, भाकर जळी ऱ्हायनी."

त्या दिवशी चेतनानं कोंबडीवरच दहा ओळींचं उत्तर लिहिलं होतं. पण पुढं भूपेशला दात येऊ लागले, अंगणात मिरच्या वाळत पडल्या, आणि तिच्या वाट्याला उरली ती लेकराच्या दुपारच्या झोपेएवढी सवड. मग तिनं एक ओळ जपून ठेवली: 'खूप छान निरीक्षण, ताई. बाळाला गोड पापा.' तीच उचलायची आणि दोन ठिकाणी डकवायची. वर्गातल्या बहुतेकींचं असंच चाललेलं. गुण मिळत होते.

सहाव्या आठवड्यातही तिनं तसंच केलं. दोन दिवसांनी मॅडमचा निरोप आला: 'रविनाताईंनी काय लिहिलंय आणि त्याखाली आपण काय लिहिलंय, ते प्रत्येकीनं वाचा.'

चेतनानं उघडलं.

'या आठवड्यात निरीक्षण नाही. काजल सोमवारी गेली. चार दिवस ताप होता.'

खाली नऊ उत्तरं होती. तिसरं चेतनाचं. बाळाला गोड पापा.

तीन दिवस तिनं फोन लावला. लागला नाही. चौथ्या दुपारी रविनाचाच आला. मागं वारा घोंघावत होता.

"रविना, मी वाचलंच नव्हतं गं."

"कळलं ते," रविना म्हणाली. "बाकीच्यांचं काही नाही, ताई. त्यांना कुठं माहीत होती ती. तुम्हाला माहीत होती."

मग रविनाच पुढं म्हणाली,

"एक कराल? काजलचं मी आधी लिहिलेलं मला वाचून दाखवा. मला ते उघडवत नाही. खाली ते छान-छान दिसतं."

चेतना वाचू लागली. कोंबडी झाली. आंघोळीच्या पाण्यात मारलेल्या थापा झाल्या. तिसरं झालं. चौथं आलं: 'काजल आता खाट धरून उभी राहते. तुमचा भूपेश राहतो का, चेतनाताई?'

चेतना अडली. या प्रश्नाखालीही तिनं तीच ओळ डकवली होती.

"राहतो," ती कशीबशी म्हणाली. "आता राहतो गं."



"पुढचं वाचा."

पाचवं सुरू केलं तोच झोळीतला भूपेश जागा झाला आणि त्यानं भोकाड पसरलं. चेतनानं घाईघाईनं फोनवर हात ठेवला. तो आवाज तिकडं जायला नको होता. पण गेला होता.

"घ्या त्याला आधी," रविना म्हणाली. "मी थांबते इथंच."