दहा पाकिटांचा खोका

मित्रांनो, मी एक जुना पुठ्ठ्याचा खोका आहे. लांबीला दीड वीत, उंचीला चार बोटे. माझे कोपरे आता मऊ पडले आहेत आणि झाकण एका बाजूने चिकटपट्टीवर टिकून आहे. मुळशी तालुक्यातल्या भरे गावात, रत्नाबाईंच्या घरातल्या कोनाड्यात मी राहतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. सपाट पुठ्ठा यंत्राखाली गेला, घड्या पडल्या, डिंक लागला आणि मला पोट मिळाले. आम्हा सिगारेटच्या खोक्यांची मापे ठरलेली असतात. सर्वांत धाकटे पाकीट, त्यात दहा सिगारेटी. अशी दहा पाकिटे माझ्या पोटात बसतात. आणि माझ्यासारखे पुष्कळ जण ज्यात रचतात, तो थोरला खोका टेम्पोतून दुकानात येतो. भावही मापाप्रमाणे असतो. सुटी सिगारेट सर्वांत महाग, पाकीट घेतले तर जरा कमी, आणि मला अख्खा घेतला तर सर्वांत स्वस्त.

मी वाल्मीकच्या टपरीत फळीवर बसलो होतो. रत्नाबाईंचे यजमान हैबतराव दुपारी जेवून तिथे येत. पायांना शेतातला चिखल असे. ते एकच सुटी सिगारेट घेत, अर्धी ओढून विझवत आणि उरलेली कानावर ठेवून परत जात. कुणी थांबवले तर म्हणत, "भात लावायचाय. बसून भागतंय व्हय?"

पुढे त्यांचे रस्त्याकडेचे शेत एका गोदामासाठी विकले गेले. आलेल्या पैशांतून खोल्या बांधल्या. कंपन्यांत काम करणारी माणसे भाड्याने राहायला आली. हैबतरावांना मात्र काम उरले नाही. ते ओट्यावर बसून राहत आणि कंटाळा आला की टपरीकडे चालू लागत.

एक दिवस वाल्मीक त्यांना म्हणाला, "तात्या, सारखं कशाला हेलपाटं घालताय? अख्खा बॉक्स न्या की. सुट्टीपरीस लई स्वस्त पडंल."

हैबतरावांनी थोडा विचार केला. "ते बी खरंच हाय," ते म्हणाले.

मी त्यांच्या काखेतून घरी आलो. कोनाड्यात नेमका बसलो. पहिल्यांदाच मला घर मिळाले होते आणि मला त्याचा फार अभिमान वाटला.

पण मित्रांनो, मी घरात आलो आणि टपरीपर्यंतचे चालणे सुटले. हात लांबवला की पाकीट मिळू लागले. अर्धी विझवून ठेवायची सवय गेली. महिनाभर जायला हवा होता तो खोका आठवड्यात संपू लागला. मी रिकामा झालो की नव्या खोक्यातली पाकिटे माझ्यातच भरली जात. स्वस्त म्हणून घेतलेल्या मालावर पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त पैसा जाऊ लागला. मग खोकला आला.

त्यांची एकुलती लेक शुभांगी लग्न होऊन पुण्याजवळच्या सूसला सोसायटीत राहते. रविवारी ती स्कूटरवरून आई-वडिलांना भेटायला यायची. एका रविवारी तिने मला कोनाड्यातून उचलले आणि वडिलांसमोर बसली.

"आण्णा, हा बॉक्स संपला की बास. मला शब्द द्या."

"व्हय गं. ह्योच शेवटचा."

तिचा विश्वास बसला. पुढच्या रविवारी माझ्यातली पाकिटे कमी झाली होती. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी कमी. रिकाम्या झालेल्या जागेत तिने लिंबाच्या गोळ्या भरल्या. "तोंडात काहीतरी लागतंच ना तुम्हाला, मग हे घ्या," ती म्हणाली. हैबतरावांनी तिच्यासमोर एक गोळी तोंडात टाकली.

ती गेल्यावर त्यांनी आतल्या खोलीतल्या तांदळाच्या कणगीत हात घातला. तिथे दुसरा खोका पुरून ठेवलेला होता. तो संपला की तिसरा येई. मी मात्र लेकीला दिसावा म्हणून कोनाड्यातच राही, दर रविवारी थोडा थोडा रिकामा होत.

रत्नाबाईंना ते एकदा कळले. "आवो, लेकीला फसवताय व्हय?"

"तिच्या जिवाला बरं वाटतंय ना, मग राहू दे. सोडतोयच की मी हळूहळू."

रत्नाबाईंनी कणगीवर झाकण ठेवले. त्या पुढे काही बोलल्या नाहीत. मला तर बोलताच येत नव्हते.

ज्या रविवारी माझ्यात फक्त गोळ्या उरल्या, त्या दिवशी शुभांगी पेढे घेऊन आली. भाडेकरूंनाही तिने दारोदार पेढे दिले. "आमच्या आण्णांनी सिगारेट सोडली," असे ती ज्याला त्याला सांगत होती. मग तिने एक पेढा वडिलांच्या तोंडात घातला. त्यांना तो गिळवेना. ढास लागली, आणि तोंडावर धरलेल्या टॉवेलला रक्त लागले.

पुण्याच्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. फुप्फुसात गाठ निघाली आणि ती बरीच पसरलेली होती. घरी आणल्यावर वडिलांसाठी पेज करायची म्हणून शुभांगीने तांदळासाठी कणगीत हात घातला, तेव्हा तिच्या हाताला खोका लागला.

तो मांडीवर घेऊन ती वडिलांच्या अंथरुणापाशी बसली. 

"तुला वाईट वाटू न्हाई, म्हणून लपवलं, शुभे," हैबतराव म्हणाले.

"मला वाईट वाटलं असतं तर चाललं असतं, आण्णा."

त्यांनी तोंड भिंतीकडे वळवले. रत्नाबाई चुलीपाशी उभ्या होत्या. त्या पदराने डोळे पुसत राहिल्या.

त्यानंतर माझ्या पोटात औषधांच्या पट्ट्या आल्या. त्यांनीही मला गच्च भरून टाकले, पण उपयोग झाला नाही. भातकापणीच्या दिवसांत हैबतराव गेले.

तेरावा झाल्यावर शुभांगी घर आवरू लागली. औषधे तिने काढून टाकली आणि मला कचऱ्याच्या पिशवीत घातले. रत्नाबाई उठून आल्या. त्यांनी मला बाहेर काढले.

"हे कशाला ठेवतेस, आई? ह्यानंच नेलं ना त्यांना."

"ठाव हाय मला. पण कापडं सगळी धुऊन झाली. त्यांचा वास आता ह्यातच राहिलाय."

शुभांगी रागाने आईकडे बघत राहिली. वडिलांनी सिगारेट पेटवली की लहानपणापासून ती नाक दाबून खिडकी उघडायची. तिने आईच्या हातातून मला घेतले, झाकण उघडले आणि माझ्यात नाक खुपसले. मग ती तशीच खाली बसली आणि हुंदके देऊन रडू लागली.

मित्रांनो, मला कुणी स्वस्तात देऊ केले तर घेऊ नका. तुमच्या घरात कुणी ओढत असेल तर त्यांच्याशी आजच बोला. त्यांनी लपवले तर भांडा, पण गप्प बसू नका. माझ्यात जे भरले जाते ते मला परतवता येत नाही.

रत्नाबाई अजून सकाळी मला खाली घेतात. झाकण जेमतेम बोटभर उघडतात, डोळे मिटतात आणि चटकन बंद करतात. जास्त वेळ उघडे ठेवले तर उरलेला वासही उडून जाईल, अशी त्यांना भीती वाटते.