परातीची कोमट कड

शरदिनी गेल्याचं मला गुरुवारी दुपारी पावणेतीनला कळलं. शहाण्णव सालचा नोव्हेंबर होता. मी रेल्वेच्या कारखान्यात मोटरींचं वाइंडिंग करतो. फोरमनने बाजूला बोलावून सांगितलं की तुमची पत्नी वर्गात फळ्यापाशी पडली आणि हॉस्पिटलात नेईपर्यंत गेली. हाताला वार्निश होतं. ते तसंच घेऊन मी दुर्गाघाटावर घरी आलो.

ती मुलींच्या इंटर कॉलेजात फिजिक्स शिकवायची. आमच्या पुढच्या खोलीत तिचं आणि तिच्या विद्यार्थिनीचं चाक होतं. अठरा किलोचं, लोखंडी, नदीपलीकडच्या रामनगरच्या भंगारवाल्याकडून नावेतून आणलेलं. ते आडवं फिरायचं. काठाला बारा चुंबकं चिकटवलेली, खाली पाटावर तांब्याच्या तारेची वेटोळी. ती मी गुंडाळून दिली होती. वीज असली की वेटोळी चुंबकांना ढकलत आणि चाक वेग घेई. वीज गेली की तेच चाक आपल्या वेगावर फिरत राही, चुंबकं वेटोळ्यांवरून जात आणि वेटोळ्यांत वीज उठे. त्यावर एक छोटा दिवा लागे.

दिवा निदान दहा मिनिटं जळला पाहिजे, नाहीतर चाक विज्ञान प्रदर्शनाला जाणार नाही, ही तिची अट होती. जळत होता साडेतीन मिनिटं. तिच्या वहीत तारीख, वेळ आणि कारण असे रकाने होते. कारणाखाली सगळीकडे प्रश्नचिन्ह.

चौथ्या दिवशी तिची विद्यार्थिनी आली. अवनी, ब्रह्माघाटची, बारावीतली. दारातच उभी राहिली. प्रदर्शन तेराव्यानंतरच्या शुक्रवारी होतं.

"काका, नाम वापस घेऊ का?"

"बाई काय म्हणाल्या असत्या?"

तिने थोडा विचार केला. "म्हणाल्या असत्या, आधी चाक फिरव."

"मग फिरव."

माझा धाकटा भाऊ बाळू आत बसला होता. सुतकात हे काय चालवलंय, असं तो म्हणाला. मी म्हटलं, बेअरिंगला सुतक नसतं. तो माझ्याशी दोन दिवस बोलला नाही.

आम्ही बेअरिंग धुतलं, तेल बदललं. साडेतीन मिनिटं. नवं बेअरिंग घातलं. तीन मिनिटं चाळीस सेकंद. वेटोळ्यांचे जोड पुन्हा कथिलाने डाखले. तेवढंच. अवनीने प्रत्येक वेळ वहीत लिहिली आणि कारणाखाली तिनेही प्रश्नचिन्ह काढलं.

बाराव्या दिवशी रामघाटचे वेणीमाधव गुरुजी दानाची यादी द्यायला आले. आमच्या घरात गेलेल्या बाईच्या नावाचं एक भांडं तेराव्याला देतात. गुरुजींनी विचारलं, तिच्या नावाची परात होती ना?

होती. चाकावर पालथी घालून मीच स्क्रूने बसवली होती. दिवाळीआधी, दिवा जोडायच्याही आधी, एक चुंबक सुटून कपाटावर आदळलं होतं, म्हणून आवरण हवं होतं. लोखंडी पत्रा चुंबकांना चिकटला असता. पितळेला चुंबक धरत नाही, म्हणून मी परात आणली. तिच्या रुखवतातली, कडेवर नाव कोरलेली. शरदिनी तेव्हा म्हणाली होती, "माझ्या माहेरची परात चाकाला दिलीत. आता पुरणपोळीची कणीक तुम्ही टोपीत मळा." आणि हसली होती.

गुरुजी गेल्यावर परात काढायला घेतली. अवनीची त्या दुपारची चौथी फेरी नुकतीच थांबली होती. परात चिंचेने घासायची म्हणून उचलली तर हाताला कड कोमट लागली. मध्यभाग गार होता. बेअरिंग मधे असतं. बेअरिंगची ऊब असती तर परात मधे तापली असती. तापली होती कडेला, जिथून चुंबकं जात होती.

मी परात घेऊन तसाच खाली बसलो.

बावीस वर्षं मी मोटरी उघडतोय. त्यांचा गाभा अख्ख्या लोखंडाचा नसतो. पातळ पत्रे, प्रत्येकावर वार्निश. कारण अख्ख्या धातूजवळून चुंबक फिरलं की धातूत वीज उठते, भोवऱ्यासारखी आतल्या आत फिरते, धातू तापवते आणि चुंबकालाच मागे ओढते. चुंबक धरणं न धरणं याचा त्याच्याशी संबंध नाही. वीज वाहून नेणारा कोणताही धातू पुरे. पितळही. हे मला माहीत होतं. वेग परात खात होती आणि ती मी बसवली होती.

अवनीला सांगितलं. ती म्हणाली, "परात काढून चालवूया?" मग स्वतःच म्हणाली की बाईंनी उघडं चाक चालवायला मना केलं होतं. मी टेबल आडवं करून पुढे लावलं. एकदाच, दोघांनी दाराबाहेर उभं राहून, असं ठरलं.

चाकाने वेग घेतल्यावर मी बाहेरून वीज तोडली. दिवा लागला. अवनी घड्याळ बघत होती. चार मिनिटं झाली तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. सात झाली. दहा झाली. अकरा मिनिटं वीस सेकंदांनी दिवा विझला.

तिने वही उघडून माझ्यापुढे केली. "काका, कारण तुम्ही लिहा."

मी लिहिलं: पितळी परात. मी बसवलेली.

तेराव्याला परात घासून, नाव वर ठेवून गुरुजींना दिली. बाळू आला होता. त्याने दिवा किती वेळ जळतो ते विचारलं. मी सांगितलं.

आज बुधवार, प्रदर्शन परवा. चाकाला लाकडाचं आवरण लागेल. फळ्या आणल्या आहेत, माप घेतलं आहे. आवरण अजून झालेलं नाही.